लांबी धरून

घणसोली गावातल्या एका जुन्या घराचं मधलं दार गेल्या वर्षी श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी, घासून आणि लांबी भरून गुळगुळीत करण्यात आलं. लांबी म्हणजे रंगारी लोक लाकडातले खड्डे बुजवायला वापरतात तो लगदा. काम दोन दिवस चाललं. पेंटरला सूचना मी दिली होती.

घर माझं नव्हतं. मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. घरमालक खाली एकटे राहत. त्यांचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. उजवाही गेला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये यासाठी त्यांनी निदान दीड वर्ष प्रयत्न केले. मलाही ते उशिरा कळलं. इथे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

त्यांचा मुलगा बेलापूरला सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. राहतोही तिथेच, सातव्या मजल्यावर. त्याने एकदा माझ्यासमोर वडिलांना सांगितलं होतं, "एक डोळा चालतोय तोवर राहा इथे. मी काय बोलणार नाय. पण दुसऱ्याला काय झालं ना बाबा, तर मग मला टेन्शन नको. सरळ माझ्याकडे यायचं."

"बरा," ते म्हणाले होते.

ते घर त्यांना सोडायचं नव्हतं. बाकी सगळं त्यातून आलं.

मी खोली बघायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून सुकट निवडत होते. गावठाणात खोली शोधताना आडनाव काय, मूळ गाव कुठलं आणि लग्न झालंय का, या तीन प्रश्नांची मला सवय झाली होती. त्यांनी तिन्ही विचारले नाहीत.

"पवाया येते काय?" त्यांनी विचारलं.

पोहता येतं का, असं ते विचारत होते, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी नाही म्हटलं.

"मंग वरची खोली घे. खाली पावसान पानी शिरते."

मुलाखत संपली. मी त्याच आठवड्यात सामान आणलं आणि पुढची चार वर्षं तिथे राहिलो.

मी एका दैनिकाच्या नवी मुंबईच्या पानाचं काम बघतो हे समजल्यावर त्यांनी माझं नाव वापरणं बंद केलं. मी "पेपर" झालो. "ए पेपर, चा पितंस काय?" "ए पेपर, नलाला पानी आलाय." गल्लीतल्या बायकाही पुढे मला पेपरवाले भाऊ म्हणू लागल्या. मी त्यांना काका म्हणत असे.

तिसऱ्या वर्षी त्यांनी एक नियम केला. रोज सकाळी साडेसातला मी खाली यायचं आणि माझं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. कारण त्यांनी असं दिलं होतं: "तुजा पेपर तूच वाच. खोटा लिवला असशील तं जीब अडखलेल. मना कलेल."

जीभ एकदाच अडखळली, ती त्यांनी अडवली म्हणून. अष्टमीच्या दुपारी बारा वाजता भरतीमुळे नाल्याचं पाणी वस्तीत शिरलं, अशी बातमी होती.

"थांब," ते म्हणाले. "अष्टमीला बाराला भरती?"

"हो. तिथल्या लोकांनीच सांगितलं."

"तिथीची पाऊनपट कर. आट पाऊन किती?"

"सहा."

"मंग सहाला भरती. बाराला सुकी. पानी नाल्यान तुंबला असंल, त्याचा आल खारीवर कशाला?"

मी कार्यालयात जाऊन भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. त्या दिवशी बाराच्या सुमारास ओहोटी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही चार ओळींचा खुलासा छापला. तोही त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला आणि परत एकदा वाचायला लावला.

दुसरा नियम वस्तूंचा होता. खालच्या दोन खोल्यांत आणि ओट्यावर कुठलीही गोष्ट जागची हलवायची नाही. हंडा, कोयता, खाट, चपलांचं फळकुट, सगळं जिथे आहे तिथे. शेजारच्या बाईंनी एकदा झाडताना खुर्ची वीतभर सरकवली, तर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "घरान शिस नको, पन जागा पायजे," असं ते म्हणत. शिस म्हणजे शिस्त. पसारा त्यांना चालत असे. फक्त तो रोज त्याच जागी हवा.

माणसं ते पायताणांवरून ओळखत. दूधवाला, मीटर बघणारा, मी, सगळ्यांना ते गल्लीच्या वळणावर असतानाच हाक मारत. मी नवे बूट घेतले त्या दिवशी मला त्यांनी "कोन हाय?" असं तीनदा विचारलं आणि ओळख पटल्यावर बूट बदलून येण्याची सूचना केली. मी हसलो होतो. दिवा ते लावत नसत. उजेडाने डोकं दुखतं, म्हणत. मुलगा संध्याकाळी येणार असेल तेव्हा मात्र दोन्ही खोल्यांतले दिवे आधीपासून लागलेले असत.

विक्षिप्त म्हातारा आहे, एवढाच निष्कर्ष मी काढला होता. गल्लीचंही तेच मत होतं.

आता दाराविषयी.

पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधे ते होतं. एकाच झडपेचं, सहा फूट दोन इंच उंच, हिरव्या ऑइल पेंटचं. लांबून ते साधंच दिसे. जवळ गेलं की त्याच्यावरचे उंचवटे आणि खळगे दिसत. सुताराच्या वाकसाने तासलेल्या आडव्यातिडव्या खुणा, खिळ्यांची बुजलेली भोकं, दोन फळ्यांच्या सांध्यांत कोंबलेल्या कापसाच्या गाठी. मधे त्याला किंचित पोटही होतं. कुणी पाहुणा आला की हटकून विचारी, "दार असं का?" आणि ते सांगत, "होरी हाय."

होडी. त्यांच्या वडिलांची होती. गावाच्या खाडीत तिच्यावर दोघांनी मासेमारी केली. पुढे मासळी कमी होत गेली, ते रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि होडी काठावर उपडी पडून राहिली. वडील गेल्यावर त्यांनी ती फोडली. चांगल्या राहिलेल्या फळ्यांचं त्यांनी दार करून घेतलं. सुतार रंधा मारायला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या हातातला रंधा काढून घेतला, असं ते सांगत. "रंदा मारलेली फली मुकी होते." नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, दारात वरच्या बाजूला आलं आहे, हेही ते प्रत्येकाला सांगत.

दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी खाडीवर होड्या रंगवतात. ते दार रंगवत. एक हात, पातळ, तोच हिरवा. मी दोन वर्षं ते बघितलं. खिडकीकडे पाठ करून ते उभे राहत. डावा हात दारावर पुढे सरकत जाई आणि उजव्या हातातला ब्रश त्याच्या मागोमाग येई, वरून खाली, फळीच्या लांबीत. खळग्यात रंग साचला तर बोटाने पुसून काढत. डोळे बहुतेक वेळ मिटलेले असत. आठवडाभर डावा हात मनगटापर्यंत हिरवा राही. त्याच हाताने ते भाकरी खात नसत, पण सुकट निवडत. मुलगा ओरडे, "बाबा, ते पोटात जाईल!" ते म्हणत, "होरीचा रंग हाय. कोल्याला लागत नाय, आगऱ्याला काय लागतंय?"

मुलगा दर रविवारी दहाच्या सुमारास येई. त्याआधी ते जिन्याखालून मला हाक मारत.

"ए पेपर, गॅलरीतून बघ. पोर दिसतंय काय?"

"येतोय. वळणावर आहे."

"कंचा शर्ट घातलाय?"

"निळा."

मग मुलगा ओट्यावर पाय ठेवायच्या आत ते म्हणत, "यो निला परत? दुसरा शर्ट नाय काय तुना?" मुलगा हसे. "बाबा, तुमची नजर अजून कडक आहे हां." कधी चौकड्यांचा असे, कधी पिवळा. मी रंग सांगत होतो आणि ते टोमणा तयार करत होते. बापलेकांची गंमत आहे असं मला वाटायचं. हे वर्षभर चाललं. प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय होता. हा प्रश्न मी विचारला नाही.

आषाढाच्या शेवटी गॅसवाल्याने नवीन सिलिंडर नेहमीच्या कोपऱ्यात न ठेवता मधल्या दाराशी ठेवला आणि तो गेला. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा त्यावर आदळला. नख निघालं. साखर होती, जखम चिघळली, पाय सुजला. मुलाने त्यांना वाशीच्या एका रुग्णालयात भरती केलं. दोन आठवडे ते खाटेवर होते. तिथे सगळ्यांना त्यांनी सांगितलं की चष्मा घरी राहिला. पायासाठी आलेल्या माणसाचे डोळे तपासायचं कुणाला कारण नव्हतं.

पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी त्यांचा मला फोन आला. फोन दुसऱ्या कुणाचा तरी होता.

"ए पेपर. पुनव कवा हाय?"

"बुधवारी. काका, पाय कसा आहे?"

"पाय हाय. पुनवेला पोर मना घरी आननार हाय. दाराला रंग राह्यलाय."

"तुम्ही आल्यावर मारू की."

"पुनवेच्या आदी पायजे. हिरवा डबा खाटेखाली हाय."

"मी मारून घेतो. पेंटर बघतो एखादा."

ते म्हणाले, "बरा. त्याला सांग, लांबी धरून मारायचा."

"लांबी धरून."

"हा. लांबी धरून. इसरू नको."

कुणीतरी फोन परत मागत होतं. तो बंद झाला. मी वहीत लिहून घेतलं: लांबी धरून. बातमीत कुणाचं वाक्य द्यायचं तर जसंच्या तसं द्यावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

पेंटर नांदेडकडचा होता. गावातच पलीकडच्या चाळीत खोली करून राहायचा. शनिवारी सकाळी तो आला, दारावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, हे दार हाय का पाटा? टाकी लावल्यावानी झालंय."

"जुनं आहे."

"मालक काय म्हणले?"

"लांबी धरून मारायचा."

"लांबी धरून?" त्याने पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. "मंग दोन दिवस लागतील. घासावं लागंल, लांबी भरावी लागंल, परत घासावं लागंल. अन् पावसाळ्याची लांबी लवकर वाळत नाही. पंखा हाय का?"

मी वरून माझा टेबल फॅन आणून दिला.

पाहुणे धरून दहा पानं मांडा, म्हणतात, म्हणजे पाहुण्यांसकट. पेंटरने ते तसं घेतलं: लांबीसकट रंग. मीही तसंच घेतलं. होडी रंगवणारे लांबी धरून म्हणतात तेव्हा फळीच्या लांबीला धरून ब्रश ओढायचा, आडवा नाही, असा अर्थ असतो. हे मला पुढच्या बुधवारी समजलं. दोन श्रावणांत मी त्यांना वरून खाली ब्रश ओढताना बघितलेलं होतं.

पेंटरने काम चांगलं केलं. पॉलिश पेपरने उंचवटे उतरवले, पत्र्याने लांबी ओढून सगळे खळगे, भोकं आणि सांधे भरले, पंखा लावून वाळवलं, परत घासलं, आणि रविवारी दुपारी डब्यातला हिरवा दोन हात मारला. संध्याकाळी त्या दारात समोरच्या खिडकीचे गज दिसत होते. मी फोटो काढून मुलाला पाठवला. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: "एकदम मस्त. बाबांना दाखवला. झाक हाय म्हणाले."

बुधवारी अकराच्या सुमारास मुलगा त्यांना रिक्षाने घेऊन आला. उजवा पाय बँडेजमधे होता, त्यामुळे मुलाने त्यांचा दंड धरला होता आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. खाडीवर नेण्यासाठी घेतलेला नारळ मुलाच्या दुसऱ्या हातातल्या पिशवीत होता. शेजारच्या बाईंनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओटा, उंबरा, खाटेचा कोपरा, सगळं ते नीट चालले. दाराजवळ आल्यावर त्यांनी मुलाचा हात सोडवला आणि डावा हात पुढे करून दारावर ठेवला.

हात तिथेच राहिला. मग वर गेला, खाली आला, कडेला गेला. त्यांनी कडी चाचपली. मग उजवा हातही ठेवला.

"दार कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"काय?" मुलगा म्हणाला.

"माजा दार. कुटं नेलंस?"

"बाबा, हे काय समोर."

"समोर पलाय हाय. प्लायवूड. मना शिकवू नको, कारखान्यान उमर गेली माजी." आवाज चढला होता. "दोन हप्ते घरान नाय मी, तवर फोडलीस होरी? तुज्या आज्याची होरी फोडलीस?"

दार समोर होतं. तेच, त्याच बिजागऱ्यांवर, त्याच हिरव्या रंगाचं. त्यांच्या चेहऱ्यापासून एक हात अंतरावर.

"बाबा, तेच दार आहे. रंग दिलाय फक्त. मी फोटो नाय का दाखवला तुम्हाला परवा? तुम्ही बोललात ना, झाक हाय."

त्यांचे हात अजून दारावर होते. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, मी आज कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय?"

त्यांनी मान वळवली. मुलाकडे नाही. जिन्याकडे वळवली आणि थोडी वर केली, मी रविवारी जिथून रंग सांगायचो तिकडे. मी तिथे नव्हतो. मी त्यांच्या डाव्या बाजूला, दोन पावलांवर उभा होतो. ते थांबले. बाहेर गल्लीत ढोलकीवाले पोहोचले होते आणि पुढे गेले.

शर्ट पांढरा होता. मी सांगितलं नाही.

"निला," ते म्हणाले.

शेजारच्या बाई बाहेर निघून गेल्या. मुलाने पिशवी खाली ठेवली, वडिलांना खाटेवर बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. मी पुढे होऊन म्हणालो, "काका, दाराची चूक माझी आहे. मी लांबी भरून घेतली. तुम्ही फोनवर म्हणाला होतात."

"मी बोललो लांबी धरून." त्यांचा आवाज आता नेहमीसारखा होता. "फलीच्या लांबीन. आरवा ब्रश नको, यवराच."

"हो. आता कळलं."

"धरून बोललो, तू भरून आनलंस." आणि थोड्या वेळाने, मुलाला उद्देशून: "पेपरला काय बोलू नको. त्याला पवता पन येत नाय."

नारळ त्या दिवशी खाडीवर मुलानेच नेला. शुक्रवारी तो त्यांना बेलापूरला घेऊन गेला. त्यांनी वाद घातला नाही. "बरा" म्हटलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. जाताना त्यांनी हंडा, कोयता आणि चपलांचं फळकुट जागेवर आहे का ते हात लावून बघितलं. दाराला हात लावला नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी पेंटरला परत बोलावलं आणि भरलेलं काढता येईल का, ते विचारलं.

"काडता येतं," तो म्हणाला. "पर भाऊ, भरलेलं काडायला आजवर कोणी बोलावलं नव्हतं."

त्याने रंग सुटायचं औषध कसं लावायचं ते दाखवलं, जुना पत्रा दिला, आणि टोकदार काही वापरू नका, म्हणाला. मी रविवारी आणि साप्ताहिक सुट्टीला ते काम करत होतो. वाकसाच्या खुणा पॉलिश पेपरने उथळ झाल्या होत्या, पण पुसल्या नव्हत्या. सांध्यांतली लांबी निघाली तेव्हा तिच्याबरोबर थोडा कापूसही आला. तो मी परत दाबून बसवला.

तिसऱ्या रविवारी मुलगा घराचं कुलूप बदलायला आला. त्याने दार बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "दुसरा पत्रा आहे?" मग तोही बसला. दुपारपर्यंत आम्ही लांबी खरवडत होतो. एकदा तो म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं, सुतार पिऊन आला असणार." आणि नंतर, बऱ्याच वेळाने: "तुम्ही रंग सांगायचात ना त्यांना? रविवारी?"

"हो."

"माहीत होतं तुम्हाला?"

"नाही."

त्याने मान हलवली. त्याने ते खरं मानलं की नाही, मला माहीत नाही.

भाद्रपदात मी बेलापूरला गेलो. फ्लॅट स्वच्छ आहे. दारं सगळी सनमायकाची, एकसारखी. ते आपल्या खोलीत पलंगावर बसून असत. बाथरूमपर्यंत जायलाही सुनेला हाक मारत, कारण पॅसेजमधे चार दारं होती आणि चारही हाताला सारखीच लागत. मी साडेसातचं पान साडेदहाला वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं. चूक काढली नाही. बातमीत एक होती. मी मुद्दाम वाचली होती.

दसऱ्यानंतर मुलाने टेम्पो करून दार बेलापूरला नेलं. चौकटीत ते बसणारं नव्हतंच. त्याने ते पॅसेजच्या भिंतीवर आडवं लावून घेतलं, त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत, कमरेच्या उंचीला. सोसायटीत दोन ते चार ड्रिल चालत नाही, म्हणून कारागीर चारनंतर आला. मी त्या दिवशी तिथे होतो. स्क्रू बसले, भुसा झाडला, आणि मुलाने वडिलांना हात धरून आणलं.

त्यांनी डावा हात ठेवला. हात सरकत गेला, वाकसाच्या खुणांवरून, पहिल्या सांध्यावरून, भोकांवरून. पोटाशी थोडा थांबला. मुलाने त्यांचा दंड सोडला. ते आपले आपण चालत बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले.

"उलटी हाय," ते म्हणाले.

"काय उलटं?"

"नाल हिकरं आली. नाल कुनी संडासाकरं करते काय?"

कारागीर हत्यारं पिशवीत भरत होता. त्याने मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "काढा. फिरवून लावा." सहा स्क्रू काढले, दार फिरवलं, सहा परत बसवले. एक भोक जुळलं नाही, ते नवीन पाडलं. कारागिराने जुनं भोक दाखवून विचारलं, "यात लांबी भरू?"

"नाही," मुलगा आणि मी एकदम म्हणालो.

"भरू नको," पॅसेजच्या टोकाकडून ते म्हणाले. "धरून राहू दे."

आता नाळेकडचं टोक त्यांच्या खोलीच्या खिडकीकडे आहे. त्या खिडकीतून खाडी दिसते. ती पनवेलची खाडी आहे, घणसोलीची नाही.

ते मार्गशीर्षात गेले. घणसोलीचं घर बंद आहे. मी जवळच दुसरी खोली घेतली. दार बेलापूरलाच आहे. या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी मुलाने त्याला हिरवा एक हात मारला. ब्रश लांबीत ओढला, पॉलिश पेपर लावला नाही, लांबी भरली नाही, असं त्याने मला फोनवर सांगितलं.